काचीगुड्याचे मास्तर आणि चौतीस मतं

जालन्याचा सदर बाजार छावणीमुळे वसला. १८०३ च्या सप्टेंबरात केळणा आणि जुई नद्यांच्या संगमाजवळ, आमच्याच जिल्ह्यातल्या आसईला, आर्थर वेलस्लीनं शिंदे-भोसल्यांच्या फौजा हरवल्या. पुढे १८२७ मध्ये हैदराबाद कंटिन्जंटची छावणी जालन्यात उभी राहिली आणि १९०३ पर्यंत इथं पलटणींचा मुक्काम होता. हिंदुस्थानात फुटबॉल आणण्यात आणि रुजवण्यात अशा छावण्यांचा मोठा वाटा होता. शिमल्याला १८८८ मध्ये ड्युरँड कप सुरू झाला, मुंबईत १८९१ मध्ये रोव्हर्स कप. सुरुवातीची कित्येक वर्षं या स्पर्धांवर गोऱ्या पलटणींचंच राज्य होतं. रोव्हर्स कपावर पहिलं हिंदी नाव कोरलं जायला १९३७ साल उजाडलं. तो संघ होता बंगलोर मुस्लिम्स.

त्याच १९३७ साली, जूनमध्ये, शिमल्यालाच अखिल भारतीय फुटबॉल महासंघ स्थापन झाला. कप पलटणींकडून आपल्याकडे आला आणि कारभारही आला. कप कसा आला, कोणी जिंकला, याच्या कथा आपण पोरांना सांगतो. कारभाराचं पुढं काय झालं हे कोणी सांगत नाही. मी आयुष्यभर जिल्हा परिषदेच्या शाळेत खेळाचा मास्तर होतो, अंबड तालुक्यात. म्हणून हे सांगणं माझं काम आहे असं मला वाटतं.

जालना तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होतं, औरंगाबाद जिल्ह्यातला एक तालुका म्हणून. एकोणिसावं शतक संपता संपता मनमाड ते सिकंदराबाद मीटरगेज रूळ पडला आणि जालना त्या रुळावरचं मोठं स्टेशन झालं. माझे वडील रेल्वेत होते. शिक्षण उर्दूतून झालेलं, पास हाताशी, त्यामुळे हैदराबादला त्यांच्या फेऱ्या व्हायच्या. आमच्या घरात क्रिकेटचं कौतुक मागाहून आलं. आधी बोललं जायचं ते हैदराबाद सिटी पोलीस या फुटबॉल संघाबद्दल. १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षं या संघानं मुंबईला जाऊन रोव्हर्स कप उचलला. वडील ‘आपले पोलीस’ म्हणायचे, आणि त्यात खोटं काही नव्हतं. पोलीस ॲक्शननंतरही १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत जालना हैदराबाद राज्यातच होतं. तो आपल्या राज्याचा संघ होता.

या संघाचे गुरू सय्यद अब्दुल रहीम. उस्मानिया विद्यापीठाचे पदवीधर, पेशानं शाळामास्तर. काचीगुड्याच्या शाळेत शिकवलं, चादरघाटच्या शाळेत शिकवलं, शारीरिक शिक्षणाची पदविका घेतली. १९४३ पासून मरेपर्यंत हैदराबाद फुटबॉल असोसिएशनचे सचिव तेच होते. सकाळी मैदानात शिट्टी, संध्याकाळी संघटनेचं दप्तर, अशी दोन्ही कामं एकाच माणसानं केली. माझ्या दृष्टीनं रहीम साहेबांचं सगळ्यात मोठं वैशिष्ट्य हेच. ज्याला पोरांची नावं पाठ होती त्याच्याच सहीनं संघटना चालायची.

त्यांची एक रीत मी माझ्या शाळेत वर्षानुवर्षं चालवली. ते कच्च्या पायाचे सामने लावायचे. ज्याचा उजवा पाय चालतो त्यानं फक्त डाव्यानं खेळायचं. पहिल्या दिवशी पोरं वैतागतात, चेंडू भलतीकडेच जातो, एखादा मुद्दाम बसकण मारतो. चारसहा आठवड्यांनी तोच पोरगा पायाकडे न बघता डावीकडून पास देतो. रहीम साहेबांनी चेंडू न रेंगाळवता एका स्पर्शात पुढे देण्याचे सामनेही लावले होते. त्याला पैसा लागत नाही, बूट लागत नाहीत. मास्तर मैदानात उभा पाहिजे, बस.

भारतीय फुटबॉलनं जे काही मोठं कमावलं त्यातलं बहुतेक रहीम साहेबांच्या तेरा वर्षांतलं आहे. १९५१ चं दिल्लीतलं आशियाई सुवर्ण. १९५६ ला मेलबर्न ऑलिंपिकमध्ये चौथा क्रमांक. त्यात मुंबईच्या नेव्हिल डिसोझानं यजमान ऑस्ट्रेलियावर तीन गोल मारले आणि भारत ४-२ नं जिंकला. त्या संघात अझीझुद्दीन, नूर मोहंमद, लतीफ, झुल्फिकारुद्दीन, तुळसीदास बलराम अशी हैदराबादची फळीच्या फळी होती. शेवटी १९६२ चं जकार्ता. ४ सप्टेंबरला दक्षिण कोरियाला २-१ नं हरवून दुसरं सुवर्ण आणलं तेव्हा रहीम साहेबांच्या फुप्फुसात कर्करोग होता. ११ जून १९६३ ला ते गेले.

मराठवाड्यापुरतं एक वेगळंच घडलं. मेलबर्नचं ऑलिंपिक सुरू व्हायला तीन आठवडे असताना भाषावार प्रांतरचना झाली आणि आम्ही मुंबई राज्यात आलो. आम्ही आमच्या भाषेच्या माणसांत आलो, तो आनंद खराच. पण फुटबॉलची जी वाट काचीगुड्याला जात होती ती प्रशासनाच्या नकाशावरून पुसली गेली. आता आमचा जिल्हा कूपरेजला जोडला गेला, १९११ पासून मुंबईत बसलेल्या वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशनला. मुंबईत गिरण्या होत्या, रेल्वे होती, टाटा होते, मफतलाल होते. नोकरी देऊन खेळाडू पोसणारे संघ होते. जालन्यात असा एकही संघ नव्हता. आमच्या वाट्याला संलग्नतेचा कागद आला.

आता हा कागद काय करतो ते पाहू. आपल्याकडे जिल्हा बँकेची निवडणूक ज्यानं पाहिली आहे त्याला फुटबॉलचा कारभार वेगळा समजावून सांगायला नको. गावची सोसायटी ठराव करते, ठरावात एकाचं नाव घालते, तो ठरावधारक जाऊन मत देतो. सोसायटी कर्ज वाटते की नुसती फळ्यावर आहे, हे मतपेटी विचारत नाही. फुटबॉलमध्येही जिल्हा संघटना राज्य संघटना निवडते, राज्य संघटना महासंघ निवडतात, आणि देशोदेशीचे महासंघ फिफाच्या अधिवेशनात जमून तिचा अध्यक्ष निवडतात. प्रत्येक देशाला एक मत. ब्राझीललाही एक आणि कॅरिबियन समुद्रातल्या चिमुकल्या बेटालाही एक. तत्त्व म्हणून हे समतेचं आहे. पण ज्या पायरीवर खेळणारा कोणी नसतो त्या पायरीवरचं मत विकाऊ होतं.

ब्राझीलच्या जुआंव आवेलांज यांनी १९७४ मध्ये हे गणित सगळ्यात आधी ओळखलं. आफ्रिका-आशियातल्या देशोदेशी फिरून मतं गोळा केली आणि ते फिफाचे अध्यक्ष झाले, ते १९९८ पर्यंत. विश्वचषकातले संघ सोळाचे चोवीस झाले, पुढे बत्तीस. गरीब देशांना त्यातून जागा मिळाली, हे त्यांच्या पदरात टाकलंच पाहिजे. पण त्याच काळात आयएसएल नावाची स्वित्झर्लंडमधली कंपनी प्रक्षेपणाचे हक्क घेण्यासाठी पदाधिकाऱ्यांना पैसे चारत होती. ती कंपनी २००१ मध्ये बुडाली. २०१२ मध्ये स्विस न्यायालयाचे कागद उघड झाले. १९९७ मध्ये खुद्द आवेलांज यांना १५ लाख फ्रँक गेले होते. त्यांचे एके काळचे जावई रिकार्दो तेइशेरा यांना १९९२ ते १९९७ मध्ये सव्वा कोटीहून जास्त फ्रँक गेले होते. खासगी संस्थेतल्या माणसानं अशी लाच घेणं त्या काळी स्विस कायद्यात गुन्हाच नव्हता.

मत विकत घेताना प्रत्यक्ष काय होतं हे पाहायचं तर मे २०११ मधलं त्रिनिदाद पाहावं. फिफाच्या अध्यक्षपदासाठी उभे असलेले कतारचे मोहंमद बिन हमाम तिथं कॅरिबियन संघटनांना भेटायला गेले. हे गृहस्थ तेव्हा आशियाई फुटबॉल महासंघाचे अध्यक्ष होते, म्हणजे भारतही त्यांच्याच घरात. पोर्ट ऑफ स्पेनच्या हॉटेलात प्रतिनिधींना एकेकाला खोलीत बोलावून जाड पाकीट देण्यात आलं. बहामाचे फ्रेड लन यांनी आपलं पाकीट उघडलं, तर आत शंभर-शंभर डॉलरच्या नोटांच्या गड्ड्या, एकूण ४० हजार डॉलर. त्यांनी आपल्या अध्यक्षांना कळवलं, नोटांचा फोटो काढला आणि पाकीट परत केलं. त्यातून झालेल्या चौकशीनंतर बिन हमाम यांच्यावर बंदी आली. पाकीट परत करणारा माणूस एका छोट्या बेटाचा उपाध्यक्ष होता. मला हे नाव आपल्या शाळांतून सांगावंसं वाटतं.

त्याच्या आदल्या वर्षी, २ डिसेंबर २०१० ला, फिफाच्या कार्यकारिणीनं २०१८ चा विश्वचषक रशियाला आणि २०२२ चा कतारला दिला. मत द्यायला बावीसच जण होते, कारण दोघांना पैसे मागताना लंडनच्या पत्रकारांनी आधीच पकडलं होतं. त्या मतांसाठी लाच दिली गेली, असा आरोप अमेरिकी सरकारी वकिलांनी २०२० मध्ये न्यायालयात ठेवला. त्याआधी २७ मे २०१५ च्या पहाटे स्विस पोलिसांनी झुरिचच्या बाउर ओ लाक हॉटेलातून फिफाचे सात पदाधिकारी धरून नेले. अमेरिकेच्या आरोपपत्रात १५ कोटी डॉलरहून अधिक लाचेचा हिशेब होता. दोनच दिवसांनी, आवेलांज यांच्यानंतर त्या खुर्चीत बसलेले सेप ब्लाटर पुन्हा अध्यक्ष निवडून आले. विरोधातल्या प्रिन्स अली यांना ७३ मतं, ब्लाटरना १३३. अटकेची बातमी जगभर गेलेली असताना १३३ देशांच्या प्रतिनिधींनी त्यांनाच मत दिलं. चार दिवसांनी त्यांना पद सोडण्याची घोषणा करावी लागली ती चौकशीच्या दबावानं. मतपेटीनं त्यांना हलवलं नव्हतं.

आपल्या देशात पाकिटं सापडली नाहीत. आपला रोग खुर्चीचा. प्रियरंजन दासमुन्शी आणि त्यांच्यानंतर गोंदियाचे प्रफुल्ल पटेल, या दोघांनी मिळून तीन दशकांहून जास्त काळ महासंघाचं अध्यक्षपद सांभाळलं. या काळात भारत फिफाच्या क्रमवारीत फेब्रुवारी १९९६ ला ९४ वा होता आणि मार्च २०१५ ला १७३ वा. ऑक्टोबर २०१७ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं पटेल यांची निवड क्रीडा संहितेनुसार झाली नाही म्हणून रद्द केली. सर्वोच्च न्यायालयानं स्थगिती दिली आणि महासंघाची घटना नव्यानं लिहायला सांगितलं. डिसेंबर २०२० ला पटेल यांची मुदत संपली. घटनेचा खटला चालू आहे या कारणानं निवडणूक झाली नाही आणि तीच समिती बसून राहिली. १८ मे २०२२ ला न्यायालयानं ती हटवली आणि न्यायमूर्ती अनिल दवे यांच्यासह तिघांची प्रशासक समिती नेमली. त्यात भारताचे माजी कर्णधार भास्कर गांगुली होते.

आणि तेव्हा एक गोष्ट घडली जी मी पंचवीस-तीस वर्षं मनात धरून होतो. न्यायालयानं ३ ऑगस्टला मतदारयादी मान्य केली. राज्य संघटनांची ३६ मतं आणि देशासाठी खेळलेल्या नामवंत खेळाडूंची ३६ मतं. चोवीस पुरुष, बारा स्त्रिया. खेळणाऱ्यांना संघटनेइतकंच वजन.

ते बारा दिवस टिकलं. १५ ऑगस्टच्या रात्री फिफानं भारतावर बंदी घातली. कारण दिलं: त्रयस्थांचा अवाजवी हस्तक्षेप. गोकुळम केरळ या क्लबच्या मुली आशियाई क्लब स्पर्धेसाठी ताश्कंदला उतरल्या होत्या. त्यांना एकही सामना न खेळता परतावं लागलं. ऑक्टोबरात भारतात होणारा सतरा वर्षांखालील मुलींचा विश्वचषक जाणार अशी वेळ आली. २२ ऑगस्टला न्यायालयानं प्रशासक समिती बरखास्त केली, खेळाडूंची ३६ मतं काढून टाकली, आणि २६ ऑगस्टला बंदी उठली. २ सप्टेंबरला अध्यक्षपदासाठी मतदान झालं. कल्याण चौबे ३३, बायचुंग भुतिया १.

चौबे हेही खेळाडूच, गोलकीपर होते, तेव्हा खेळाडू विरुद्ध पुढारी अशी ही लढत नव्हती. माझा सवाल मतदारयादीचा आहे. भुतियासारखा देशाचा माजी कर्णधार उभा राहतो आणि चौतिसांतलं एकच मत त्याला पडतं. ज्यांनी त्याच्याबरोबर घाम गाळला त्यांना मतच नव्हतं. सरकारनं खेळात ढवळाढवळ करू नये हा फिफाचा नियम मुळात चांगला आहे.  पण त्याच नियमानं इथं खेळाडूंच्या हातातली मतपत्रिका काढून घेतली, आणि ती काढणारी संस्था झुरिचच्या त्या पहाटेतून गेलेली होती. याचा मला आजही राग आहे.

कागदी कारभार खाली झिरपतो तेव्हा काय होतं ते गोव्यानं २००४ मध्ये पाहिलं. दुसऱ्या विभागातल्या दोन संघांचे गुण सारखे झाले, वर जायचं ते गोलांच्या फरकावर. शेवटच्या दिवशी एक सामना ५५-१ सुटला आणि दुसरा ६१-१. गोवा फुटबॉल असोसिएशननं चारही क्लबांना वर्षभर बाहेर काढलं. ज्या भूमीत चर्चच्या अंगणात पोरं फुटबॉल शिकतात तिथं हे झालं. पैशाची गोष्ट सोडा, नुसत्या बढतीसाठी नव्वद मिनिटांत एकसष्ट गोल होऊ दिले गेले.

उलटी बाजू कोल्हापूरची. तिथं फुटबॉल तालमींच्या हातात आहे. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, शिवाजी तरुण मंडळ. शाहू स्टेडियमवर लीग भरते, पेठेतली माणसं पाहायला येतात, आणि संघ हरला तर तालमीच्या कट्ट्यावर जाब विचारतात. भांडणंही होतात. पण त्या गर्दीसमोर खोटा खेळ चालवणं अवघड असतं. २०१७ मध्ये सतरा वर्षांखालील विश्वचषकाच्या भारतीय संघात कोल्हापूरचा अनिकेत जाधव होता, तो अशा हवेतून आलेला.

त्या विश्वचषकानं आमच्या शाळांतही चेंडू आणले. १५ सप्टेंबर २०१७ ला राज्य सरकारनं एका दिवशी दहा लाख मुलांना फुटबॉल खेळवण्याचा कार्यक्रम केला. आमच्या शाळेतही नवे कोरे चेंडू आले. खडूनं आखलेलं मैदान, तुराट्या उभ्या करून केलेले गोल, आणि आठवीच्या मुली ओढणी कमरेला बांधून उतरल्या. गावात मुलींनी मैदान भरून टाकलेलं लोकांनी पहिल्यांदा पाहिलं. चेंडू पावसाळाभर टिकला. मग बाभळीचा काटा गेला. क्रिकेटचा रबरी चेंडू फुटला की दुकानात दुसरा मिळतो; फुटबॉलचं ब्लॅडर बदलायला मी सदर बाजारात फिरलो तेव्हा एका म्हाताऱ्या चांभारानं शिवण उसवून, सायकलच्या ट्यूबचं ठिगळ आतून लावून, मेणदोऱ्यानं परत शिवून दिलं. तो चेंडू वाकडा उसळायचा, पण पुढची दोन वर्षं त्यावरच खेळ झाला.

त्या मुलींत एक गोलकीपर होती. उंच, हात लांब, चेंडूला न घाबरणारी. तिला निवड चाचणीला पाठवायचं ठरवलं आणि मी वाट पाहत राहिलो. चाचणीचं पत्र आलं ते चाचणी होऊन गेल्यावर. विचारायला गेलो तर संघाची यादी वर गेल्याचं सांगण्यात आलं. कोणाचं नाव घ्यावं असं त्यात काही नाही. तिथं बसलेल्या कुणाचंही पद त्या पोरीच्या खेळावर अवलंबून नव्हतं, इतकंच. पुढच्या वर्षी तिचं लग्न ठरलं.

आमच्या जालन्याचा विजय झोल २०१४ मध्ये एकोणीस वर्षांखालील भारतीय क्रिकेट संघाचा कर्णधार होता. तेव्हा जिल्ह्यात पोरं घडत नाहीत असं कोणी म्हणू नये. शिडी लावली तर आमची पोरं चढतात.

१९ सप्टेंबर २०२५ ला सर्वोच्च न्यायालयानं महासंघाच्या नव्या घटनेवर मोहोर उठवली. कार्यकारिणीत माजी खेळाडूंना, त्यात स्त्रियांनाही, जागा राखल्या आहेत. रहीम साहेबांच्या काळी जे एका माणसाच्या स्वभावात होतं ते आता कायद्यात आलं. चांगलं झालं. पण ही दुरुस्ती वरच्या मजल्याची आहे. दासमुन्शी-पटेलांच्या दशकांनी, झुरिचनं आणि ताश्कंदहून परतलेल्या मुलींनी मला शिकवलं ते असं की रोग खालच्या ठरावात असतो.

म्हणून माझी मागणी साधी आहे. प्रत्येक जिल्हा संघटनेनं दरवर्षी आपल्या नोटीस बोर्डावर तीन गोष्टी लावाव्यात: वर्षभरात जिल्ह्यात किती सामने झाले, किती मुलामुलींची नोंदणी झाली, आणि राज्य संघटनेत आपल्या वतीनं मत कोणी दिलं. ज्या जिल्ह्यात वर्षभर लीग झाली नाही त्याला त्या वर्षी मत नको. यासाठी फिफाची परवानगी लागत नाही आणि न्यायालयाची पायरीही चढावी लागत नाही. जालन्यानं, परभणीनं, बीडनं हे आपणहून सुरू केलं तर मराठवाडाही देशाच्या फुटबॉलला काही शिकवेल, जसं हैदराबादच्या एका शाळामास्तरानं शिकवलं होतं. मत खेळातून आलं पाहिजे. ते तसं येईपर्यंत अध्यक्ष बदलत राहतील आणि आठवीतल्या गोलकीपरचं पत्र उशिराच पोचत राहील.